आवाजावर उभा राहणारा खेळ : जुने घरगुती संगणक आणि न पाहता खेळणारे

बार्देसकर (मूळ धागा)

नमस्कार मंडळी. जुन्या संगणकांवर इथे बरंच लिहून झालंय, पण एक बाजू कुणी उघडलेली दिसली नाही: १९८० च्या दशकातले घरगुती संगणक आणि ज्यांना दिसत नाही अशी माणसं. एक विनंती आधीच करतो. हा धागा वाचणाऱ्यांत स्क्रीन रीडरवाले, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारे आहेत. मराठी आवाजाला मधेमधे रोमन अक्षरांवर अडखळायला लागू नये म्हणून मी आज्ञांची नावंसुद्धा देवनागरीतच लिहितोय. प्रतिसाद देणाऱ्यांनीही तेवढं सांभाळावं.

आमच्याकडे म्हापशाला झेडएक्स स्पेक्ट्रम आला तो मामामुळे. मामा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. त्या काळी गोव्यात टेपरेकॉर्डर, मिक्सर, घड्याळं जशी बोटीवरून नाहीतर गल्फातून यायची, तसाच हाही आला. सिंक्लेअरने १९८२ साली ब्रिटनमध्ये काढलेलं हे यंत्र: ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, ४८ के मेमरी, रबरी बटणं, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट. पुढे पुण्याच्या डेसिबेल्सने स्पेक्ट्रम प्लस भारतातच विकायला आणला, तेव्हा इकडच्या काही ओळखीच्या घरांतही तो दिसायला लागला.

माझी थोरली बहीण जन्मापासून अंध. भजनाला पेटीची साथ करते. घरात संगणक आला तेव्हा ती पहिल्यांदा बोटांनी बटणं मोजत बसली. स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षरं जोडून टाइप करायची नसत, एका बटणावर अख्खा शब्द असे. पी दाबलं की प्रिंट उमटायचं. ताईला हे सोयीचं पडलं, कारण स्पेलिंगची भानगडच नाही. अडचण दुसरीकडे होती. एकाच बटणाचे चार-पाच अर्थ, आणि आत्ता कोणता अर्थ चालू आहे ते फक्त लुकलुकणाऱ्या कर्सरवरून कळायचं. त्यात के दिसला तर आज्ञा, एल दिसला तर साधं अक्षर, ई दिसला तर विस्तारित आज्ञा. यातलं काहीच ऐकू येत नसे. बीप ही आज्ञा तर ई मध्ये गेल्यावर सिम्बॉल शिफ्ट धरून झेड दाबलं की मिळायची. ताईने हे सगळे रस्ते गाण्याच्या बोलांसारखे पाठ केले. यंत्राची एक खोड कामी आली. पोक २३६०९, १०० असं दिलं की बटणाची बारीकशी टिक लांब आणि ठसठशीत होते. प्रत्येक दाब कानाला कळायला लागला. ओळ चुकली की यंत्र ती घेत नसे आणि चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह लुकलुकायचं. ते मात्र मला सांगावं लागायचं.

आणि बीप. पहिला आकडा सेकंदांचा, दुसरा स्वराचा. शून्य म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, पुढे प्रत्येक आकड्याला पेटीची एकेक पट्टी वर. पेटी वाजवणाऱ्या माणसाला याहून सरळ आज्ञा कुणी देऊ शकला नसता. त्यावर आम्ही 'मासो' नावाचा खेळ केला:

५ रँडमाइज
१० लेट एम = इंट (आरएनडी * २५)
२० लेट पी = १२
३० बीप ०.०८, एम : बीप ०.०८, पी
४० इफ पी = एम देन फॉर आय = ० टू १२ : बीप ०.०५, पी + आय : नेक्स्ट आय : रन
५० पॉझ ० : लेट के$ = इनकी$
६० इफ के$ = "क्यू" देन लेट पी = पी + १
७० इफ के$ = "ए" देन लेट पी = पी - १
८० गो टू ३०

पहिला स्वर माशाचा, दुसरा तुमच्या गळाचा. क्यू दाबलं की गळ वर, ए दाबलं की खाली. दोन्ही स्वर एक झाले की मासा लागला. पाच क्रमांकाची ओळ गाळली तर यंत्र चालू केल्यावर दर वेळी मासे त्याच क्रमाने येतात. पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही, काळंपांढरंसुद्धा नाही. शेजारची मुलं यायची तेव्हा तीही डोळे मिटून खेळायची. कारण डोळे उघडे ठेवून काही फायदाच नव्हता.

आज मी शाळेत संगणक शिकवतो. कोडिंगच्या तासाला रंगीत ठोकळे माउसने ओढून एकमेकांत बसवायचे असतात. अंध मूल वर्गात असलं तर त्याच्या शेजारच्याला सांगतात, 'तू ओढ आणि त्याला काय झालं ते सांग.' हे मला बोचतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: अंध खेळाडूसाठी चित्रांच्या खेळावर मागाहून आवाज चिकटवण्यापेक्षा खेळ पहिल्यापासून आवाजावरच रचावा. आणि असा खेळ रचायला आठ-दहा ओळी पुरतात, हे त्या जुन्या यंत्रांनी दाखवून ठेवलंय. तुमचे अनुभव लिहा.

अंत्रुजकर

फार दिवसांनी असा धागा आला. मी फोंड्याचा. शाळेत आमच्या वाट्याला बीबीसी मायक्रो आला होता. नव्या वाचकांसाठी: १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारने क्लास नावाचा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने तो इथेही जुळवला.

बार्देसकर, तुमच्या स्पेक्ट्रमवर बीप वाजत असताना बाकी सगळं थांबायचं, कारण प्रोसेसर स्वतःच स्पीकर हलवत बसायचा. म्हणून तुम्ही ०.०८ सेकंदांचे तुकडे घेतलेत हे बरोबर. बीबीसीत आवाजाला वेगळी चिप होती, एसएन ७६४८९. स्वराच्या तीन वाटा आणि खरखरीची एक. साउंड १, -१५, ५३, ४ म्हटलं की पहिल्या वाटेवर पूर्ण मोठ्याने पांढरी एक, ४ भागिले २० म्हणजे एक पंचमांश सेकंद. इथे स्वराचे आकडे चाराने वाढवले की एक पट्टी चढते, म्हणजे पट्टीच्याही मधल्या जागा मिळतात. कान तयार असलेल्यासाठी मासा आणखी अवघड करता येतो.

पण मला सांगायचंय ते रांगेबद्दल. बीबीसीवर साउंड दिला की प्रोग्रॅम थांबत नाही, स्वर त्या वाटेच्या रांगेत उभा राहतो. ऐकायला छान वाटतं, पण आवाजाच्या खेळाला घात. खेळाडूने बटण दाबलंय आता, आणि कानावर पडतोय तीन दाबांपूर्वीचा स्वर. त्याला उपाय त्याच आज्ञेत होता. वाटेच्या क्रमांकात सोळा मिळवले, म्हणजे १ च्या जागी १७ लिहिलं, की रांग पुसली जाते आणि नवा स्वर तत्क्षणी वाजतो. चित्रांचा खेळ करणाऱ्याला हे कधी लागत नाही. आवाजाचा खेळ करणाऱ्याला पहिल्याच तासाला लागतं.

निशिगंध_काणकोण

वाचतेय. दोन्ही पोस्टी आवडल्या. 'मासो' मोबाइलवर कुणी करून देईल का?

सायली_म्हापसा

मी अंध आहे, बँकेत काम करते, हा धागा एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ऐकतेय. सगळं देवनागरीत ठेवल्याबद्दल बार्देसकर सरांचे आभार, खरंच फरक पडतो.

अंत्रुजकर, तुमची ती रांग पुसण्याची गोष्ट आमच्या रोजच्या जगण्यातली आहे. स्क्रीन रीडरचं बोलणं मधेच तोडता आलं नाही तर माणूस काम करूच शकत नाही. मी बाण दाबत यादीतून खाली जाते तेव्हा प्रत्येक नोंद पूर्ण ऐकत नाही, पहिला अर्धा शब्द ऐकून पुढे सरकते. दर दाबाला मागचं बोलणं तुटलंच पाहिजे. खेळात एनव्हीडीएकडून बोलून घ्यायचं असेल तर त्याची छोटी लायब्ररी मिळते. तिच्यात 'हे बोल' सांगणारं एक फंक्शन आहे आणि 'गप्प हो' सांगणारं दुसरं. बरेच डोळस प्रोग्रॅमर पहिलं वापरतात आणि दुसरं विसरतात. मग राक्षस येऊन मारून गेला तरी मागचं 'तुमच्याकडे तीन बाण शिल्लक आहेत' चालूच.

आता एक मतभेद, आदराने. सरांच्या ताई पेटी वाजवतात, त्यांचा कान तयार आहे. सगळ्या अंधांचा नसतो. दिसत नाही म्हणजे सूर आपोआप कळतो असं लोक धरून चालतात, आणि मला लहानपणी त्यामुळे नको तिथे गायला बसवलंय. मला गाता येत नाही. 'मासो' मला जमतो तो एवढ्यासाठीच की त्यात दोन स्वर लागोपाठ वाजतात आणि फक्त वर की खाली तेवढंच ओळखायचं असतं. हाच खेळ 'एक स्वर ऐका आणि तो कोणता ते सांगा' असा केला असता तर मी पहिल्याच फेरीत बाहेर. तेव्हा आवाजाचे खेळ करणाऱ्यांनो, ओळखायला लावू नका, तुलना करायला द्या.

दुसरं, सोपं करून देऊ नका. आमच्यासाठी केलेले पुष्कळ खेळ लहान मुलांच्या मापाचे असतात. हरण्याची खरी शक्यता नसेल तर तो खेळ कसला?

कोकणरेल

धागा चांगला आहे, पण मला पटत नाही ते लिहितो. हे सगळं जुन्या यंत्रांचं प्रेम झालं. आज मोठ्या कंपन्यांचे खेळ स्वतःच सुलभ होतायत. द लास्ट ऑफ अस पार्ट टू २०२० साली आला तेव्हा त्यात साठाहून जास्त सुलभता-पर्याय होते, आणि पूर्ण अंध खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळलाय. मग आपण बीप-बीप करत का बसायचं? शिवाय अंध मुलांना नोकरी लागायची तर एक्सेल शिकवा, टायपिंग शिकवा. खेळ नंतर.

सायली_म्हापसा

कोकणरेल, त्या खेळाचं मोल मी कमी करत नाही, त्यांनी केलं ते फार मोठं काम आहे. पण तो करायला अख्खा स्टुडिओ लागला. डिचोलीतली आठवीतली मुलगी तसा खेळ रचू शकत नाही. नऊ ओळींचा 'मासो' रचू शकते. खेळायला मिळणं ही एक गोष्ट, करता येणं ही दुसरी. मला दुसरी हवी आहे.

आणि नोकरीचं म्हणाल तर मी कीबोर्ड शिकले तो मजकुरी खेळांवर. १९७६ साली विल क्राउदरने गुहेत फिरण्याचा 'अ‍ॅडव्हेंचर' हा गाजलेला मजकुरी खेळ लिहिला, पुढे डॉन वुड्सने वाढवला, मग इन्फोकॉमचा झोर्क आला. पडद्यावर वाक्यं येणार, तुम्ही वाक्यात उत्तर देणार: उत्तरेला जा, दिवा घे. अंधांचा विचार करून यातलं काही केलेलं नव्हतं, पण नुसता मजकूर असल्यामुळे बोलणारं यंत्र जोडलं की ते आपसूक आमचेही झाले. ज्याला ऐकूही येत नाही त्याला ब्रेल डिस्प्लेवर बोटांनी वाचून खेळता येतात, जे आवाजाच्या खेळात कधी शक्य नाही. गुहेचा नकाशा डोक्यात ठेवायची सवय लागली ना, की एक्सेलची हजार रांगांची शीट डोक्यात ठेवणं जड जात नाही. बँकेत मी तेच करते.

अंत्रुजकर

सायलीताईंना अनुमोदन. त्यात एक साखळी जोडतो.

जुन्या घरगुती यंत्रांना बोलतं करण्याची धडपड फार लवकर सुरू झाली होती. १९८२ साली 'सॅम' नावाचं सॉफ्टवेअर आलं. अ‍ॅपल टू, अटारी आणि कमोडोर ६४ यांवर चालायचं. अ‍ॅपल टू साठी स्ट्रीट इलेक्ट्रॉनिक्सचं एको कार्ड होतं आणि अमेरिकेतल्या अंधशाळांत ते बरंच चाललं. स्पेक्ट्रमसाठी करा नावाच्या कंपनीची मायक्रोस्पीच डबी मिळायची. मागच्या खाचेत खुपसली की दाबलेलं प्रत्येक बटण ती बोलून दाखवायची, अख्ख्या आज्ञेसकट. बार्देसकर, तुमच्या ताईंना हीच डबी हवी होती. एस$ या चलात ध्वनी लिहिले की ती ते उच्चारायची. आतल्या चिपमध्ये ५९ ध्वनी आणि ५ विराम, सगळे इंग्रजीचे. आपला ळ तिला बोलता यायचा नाही.

आणि साखळी ही: १९९५ साली जोनाथन डडिंग्टन यांनी एकॉर्नच्या रिस्क ओएस यंत्रांसाठी 'स्पीक' नावाचा छोटासा वाचक लिहिला. बीबीसी मायक्रो करणारी ती हीच कंपनी. तोच पुढे ईस्पीक झाला. सायलीताई, एनव्हीडीएबरोबर येणारा तो यांत्रिक आवाज म्हणजे ईस्पीकचाच वंशज, आणि त्याला मराठीबरोबर कोंकणीही येते. माणसाचा आवाज रेकॉर्ड करून जोडलेला नसून तो गणिताने घडवलेला आहे, म्हणून आकाराने एवढासा आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द तुटत नाहीत.

एनव्हीडीए २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केला, जेम्स टेह नंतर जोडले गेले. दोघेही अंध प्रोग्रॅमर. त्याआधी जॉज हा स्क्रीन रीडर करणारे टेड हेंटर, तेही अंध. 'खेळ नंतर, नोकरी आधी' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की ज्या सॉफ्टवेअरवर आज अंध माणसं नोकऱ्या करतात, ते प्रोग्रॅमिंग शिकलेल्या अंध माणसांनीच लिहिलंय.

कोकणरेल

हा मुद्दा मान्य. एक्सेल आणि खेळ यांत आधी-नंतर लावायचं कारण नाही. तरी शाळेत शिक्षकाला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न उरतोच.

मयेतळें

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असतो, आज लिहितोय. माझा मुलगा आठवीत आहे, पूर्ण अंध. घरी लॅपटॉप आहे, एनव्हीडीए घातलंय, तो त्यावर गाणी शोधतो आणि बातम्या ऐकतो. 'मासो' वाचून दाखवला तर म्हणाला, बाबा मला हे करायचंय. आमच्याकडे स्पेक्ट्रम कुठला असणार? एका मित्राने लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर घालून दिलं, पण त्यात एनव्हीडीए एकदम मुका होतो. कुठून सुरुवात करू? मला स्वतःला प्रोग्रॅमिंग येत नाही.

बार्देसकर

मयेतळें, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. नक्कल करणारी सॉफ्टवेअरं पडद्यावर चित्र काढतात, अक्षरं नव्हे. एनव्हीडीएला तिथे वाचायला काही सापडत नाही. तो रस्ता सोडा. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या, फुकट आहे. एनव्हीडीएचा बराचसा भागही पायथॉनमध्येच लिहिलेला आहे, हे मुलाला जरूर सांगा.

पायथॉनबरोबर आयडल नावाचा संपादक येतो, तो वापरू नका. स्क्रीन रीडरला त्याच्या खिडकीतलं नीट दिसत नाही. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं आणि कमांड प्रॉम्प्टवरून चालवायचं. दोन्ही ठिकाणी एनव्हीडीए व्यवस्थित वाचतो.

पायथॉनमध्ये ओळी किती आत सरकवल्या आहेत त्यावर अर्थ ठरतो, आणि अंध मुलाला ते कसं कळणार हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट फॉरमॅटिंगखाली ओळीचं इंडेंटेशन सांगण्याचा पर्याय आहे. तिथे 'टोन' निवडा. ओळ जितकी आत, तितका स्वर चढा. मी वर्गात हे पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एक मुलगी नुसती बाण दाबत खाली-वर जात राहिली आणि म्हणाली, 'सर, ही ओळ त्या ओळीच्या पोटात आहे.' दिसणारी मुलं हे महिनाभर घोटतात.

विंडोजवर पायथॉनमध्ये विनसाउंड नावाचं मॉड्यूल आधीपासून असतं. त्यात बीप आहे. कंसात दोन आकडे: पहिला हर्ट्झमधला, दुसरा मिलिसेकंदांचा. विनसाउंड डॉट बीप, कंसात २६२, स्वल्पविराम, २००, म्हणजे पांढरी एक, सेकंदाचा पाचवा भाग. स्पेक्ट्रमसारखंच, वाजेपर्यंत प्रोग्रॅम थांबतो. इथे पट्टीचा आकडा थेट चालत नाही, हर्ट्झ काढावे लागतात: २६२ गुणिले, २ चा पट्टी-भागिले-१२ वा घात. आलेलं उत्तर इंट मध्ये घालून पूर्ण आकडा करून घ्यायचा, नाहीतर विनसाउंड तक्रार करतं. पट्टी १२ असली की घात १ आणि वारंवारिता दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातली पांढरी एक. आठवीच्या मुलाला घात शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. बटण वाचायला एमएसव्हीसीआरटी मॉड्यूलमधलं गेट-डब्ल्यू-सीएच घ्या, ते एन्टरची वाट पाहत नाही. यादृच्छिक आकड्याला रँडम मॉड्यूलमधलं रँड-इंट, कंसात ०, २४.

खेळताना एनव्हीडीएने प्रत्येक अक्षर बोलून दाखवायला नको असेल तर एनव्हीडीए बटण धरून २ दाबा.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर बसवून देईन. मेसेज करा.

खाजन

मी नाटकांना ध्वनी देतो. जत्रेतली नाटकं, स्पर्धेतली नाटकं, जिथे बोलावतील तिथे. प्रोग्रॅमिंग येत नाही, पण कानाचं थोडं कळतं, तेवढ्यापुरतं लिहितो.

बीपच्या पुढे जायचं असेल तर खरे आवाज घ्या, आणि ते आपल्या गावातले घ्या. परदेशी आवाजांचे साठे नेटवर मिळतात, पण त्यातला पाऊससुद्धा आपला वाटत नाही. मी पहाटे रायबंदरला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा रेकॉर्ड केला. रबरी फुगा दाबून वाजवतात तो. कानाला दिशा ओळखायला हा आवाज फार चांगला, कारण त्याची सुरुवात एकदम होते आणि त्यात खालपासून वरपर्यंत पुष्कळ स्वर मिसळलेले असतात. सलग, गुळगुळीत शिट्टी कुठून येतेय ते माणसाला चटकन सांगता येत नाही. फार खालचा घुमारा, घुमट या आपल्या मातीच्या वाद्याच्या मोठ्या थापेसारखा, तोही खोलीभर पसरतो. म्हणून जे शोधायचं आहे त्याला भोंगा, टाळी, चिमटा असे तुटक आवाज द्यावेत आणि वातावरणाला घुमारा.

रेकॉर्ड करताना भिंतीपासून लांब उभे राहा. खोलीचा प्रतिध्वनी त्यात बसला की नंतर डावीकडे-उजवीकडे सरकवताना आवाज पटत नाही. आणि फाइलच्या सुरुवातीची शांतता कापा, अगदी बिनचूक कापा. भोंगा सुरू होण्याआधी पाव सेकंद नुसती हवा राहिली असेल तर खेळाडूला बटण उशिरा लागल्यासारखं वाटतं, आणि प्रोग्रॅमर कोडमध्ये चूक शोधत बसतो. नाटकात विंगेतून इशारा आल्यावर दाराची कडी उशिरा वाजली की अख्खा प्रवेश पडतो, तसंच आहे हे.

एका वेळी तीन-चारच आवाज ठेवा. दोन आवाज एकाच पट्टीत असले तर मोठा लहानाला गिळतो. अंत्रुजकरांच्या त्या चिपवर तीनच वाटा होत्या म्हणतात, ते बंधन मला तर देणगीच वाटतं.

कुणाला हवे असतील तर भोंगा, फेरीबोटीची फळी आपटल्याचा आवाज, कौलांवरचा पाऊस आणि शिगम्यातलं घुमट-कांसाळें (मोठी झांज) माझ्याकडे आहेत. फुकट देतो, खेळासाठी वापरा.

सायली_म्हापसा

खाजन, फेरीबोटीची फळी मला हवी आहे. बेतीच्या धक्क्यावर तो आवाज ऐकूनच मी पुढे पाऊल टाकते.

आवाजाच्या भाषेबद्दल आणखी थोडं. डावं-उजवं कानांवर, वर-खाली स्वरावर, जवळ-लांब मोठेपणावर नाहीतर ठोक्यांच्या वेगावर. ही वाटणी बहुतेक खेळांत सारखी असते आणि ती मोडू नये, कारण आमची बोटं तिला सरावलेली असतात. एनव्हीडीएमध्ये माउस सरकताना आवाज ऐकवण्याचा पर्याय आहे, तिथेही हेच: वर गेलं की स्वर चढा, डावीकडे गेलं की डाव्या कानात. समोर आणि मागे यांत मात्र हेडफोनवर गल्लत होते. मागून येणाऱ्या गोष्टीचा आवाज थोडा दबका ठेवला तर मदत होते.

मयेतळें

बार्देसकर सरांनी परवा फोनवर तासभर बसवलं. 'मासो' चालतोय. पहिल्या दिवशी इंडेंटेशनवर अडलं, स्वर चालू केले आणि मग सुटलं. आज शाळेतून आल्यावर त्याने स्वतः बदल केला: चुकीच्या दिशेने गेलं की मासा एक पट्टी पळतो. मला दाखवताना मीच हरलो, आणि तो दर वेळी सांगत होता, 'बाबा, खाली या, खाली.' त्याच्या आईलाही बसवलंय खेळायला.

आता त्याचे दोन प्रश्न, त्याच्याच शब्दांत. एक, दोन मासे एकाच वेळी कसे वाजवायचे, एक डाव्या कानात आणि एक उजव्या? दोन, ब्लूटूथ हेडफोनवर बटण दाबल्यावर आवाज उशिरा का येतो?

अंत्रुजकर

दुसऱ्याचं उत्तर आधी. ब्लूटूथमध्ये आवाज आधी बांधून पाठवतात आणि पलीकडे उलगडतात, त्यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज जातो. गाण्याला चालतं, खेळाला नाही. वायरचा साधा हेडफोन घ्या, स्वस्तातला चालेल. फक्त डावा-उजवा नीट वेगळा आहे ना ते दुकानातच ऐकून बघा. आणि डावी बाजू बोटाला कळावी म्हणून तिच्यावर टेपचा तुकडा चिकटवा.

पहिल्याचं: विनसाउंडने एका वेळी एकच आवाज निघतो. त्याच्यातलंच प्ले-साउंड फाइल वाजवतं आणि एसएनडी-एसिंक हा पर्याय दिला तर प्रोग्रॅम थांबवत नाही, पण दुसरी फाइल सुरू केली की पहिली तुटते. दोन माशांसाठी पायगेम ही पायथॉनची लायब्ररी हवी. त्याच्या मिक्सरमध्ये सुरुवातीलाच आठ वाटा असतात. फाइल एका वाटेवर वाजवायची आणि त्या वाटेच्या सेट-व्हॉल्यूमला दोन आकडे द्यायचे, पहिला डाव्या कानाचा, दुसरा उजव्याचा. १ आणि ० दिलं की पूर्ण डावीकडे, ०.५ आणि ०.५ दिलं की मधोमध. खाजनांचा भोंगा डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवला तर पोदेर सायकलवरून दारासमोरून जातो. तो बरोबर समोर आला की स्पेस दाबायचं, हा त्याचा दुसरा खेळ होऊ द्या. फाइल एकमार्गी, म्हणजे मोनो असली पाहिजे, हे खाजनना सांगा.

खाजन

मोनोच आहे. आज रात्री पाठवतो. सुरुवातीची शांतता कापलेली आहे.

बार्देसकर

आणि वेळेबद्दल, कोकणरेल: शाळेच्या तासात बसत नाही हे खरं. म्हणून मी शनिवारी दुपारी पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसायचं ठरवतोय. तिथे ब्रेल विभाग आहे, कदंबचं बसस्थानक जवळ, त्यामुळे म्हापशाहून, फोंड्याहून, डिचोलीहून मुलांना एका बसने येता येईल. ज्यांना यायचंय त्यांनी लॅपटॉप, चार्जर आणि वायरचा हेडफोन आणावा. सायलीताई, मुलांचे खेळ तपासायला तुम्ही याल का? सोपं झालं असेल तर स्पष्ट सांगायचं.

सायली_म्हापसा

येते. फेरीने.